शून्य पॉइंट सहाचा बांध

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास राधाकृष्ण मुळावकरांची इंजिनवाली सायकल धर्मसिंगच्या दुकानासमोर तीनदा खोकली, एकदा दचकली आणि बंद पडली. बंद पडायला औंढ्यात दुसरी जागा नव्हती असं नाही. मागे बसस्टँड होतं, पुढे एक रिकामा बोळ होता. पण गाडीने नेमकी ती जागा निवडली जिथे बाकावर बसून शिरड शहापूरचा सटवाजी बशीतून चहा पीत होता.

सायकल राधाकृष्णरावांची जुनीच. तिला इंजिन बसवून दिलं पुतण्याने, अनिरुद्धने. काकांचे गुडघे कुरकुरतात म्हणून त्याने कुठूनसा एक संच मागवला, फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात नारळाएवढं इंजिन बसवलं, दांडीवर पेट्रोलची टाकी ठेवली आणि "काका, पायडल मारायचे, वेग आला की क्लच सोडायचा, बस," एवढं सांगून तो पुण्याला निघून गेला. तेव्हापासून राधाकृष्णराव रोज गाडीवरून दूध आणायला जात. दूध घरापासून दोनशे पावलांवर मिळायचं, म्हणून ते लांबच्या रस्त्याने जात.

"काय साहेब," सटवाजी बशी खाली ठेवत म्हणाला, "बांधाला अडकली का काय?"

बाकावरची माणसं हसली. राधाकृष्णराव हसले नाहीत. ते न हसण्याचं कारण साऱ्या औंढ्याला पाठ होतं, पण वाचकांना माहीत नसणार म्हणून सांगतो. राधाकृष्णराव म्हणजे मोजणीसाहेब. सरकारी मोजणी खात्यात एकतीस वर्षं त्यांनी शेतं मोजली. आधी साखळीने, मग टेपने, शेवटी तिपाईवरच्या यंत्राने. मोजणी झाली की आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे जबाब घ्यायचे, 'मोजणी मान्य' असं लिहून खाली त्यांच्या सह्या घ्यायच्या, अशी पद्धत. एकतीस वर्षांत राधाकृष्णरावांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदावर सही झाली होती. फक्त एका कागदावर नाही. चौदा वर्षांपूर्वी सटवाजी आणि त्याच्या चुलतभावाच्या शेतामधला बांध मोजला, तेव्हा सटवाजीने सही द्यायला नकार दिला आणि पुढे तो जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगत आला, की साहेबांनी माप चुकवलं.

चुकवलं असेल तर वरच्या कार्यालयात फेरमोजणीचा अर्ज करायचा, हा सरळ मार्ग. सटवाजीने चौदा वर्षांत तो अर्ज कधी केला नाही. का केला नाही, हे कोडं राधाकृष्णरावांना निवृत्तीच्या दिवशीही सुटलं नव्हतं. निरोपसमारंभात वरच्या साहेबांनी शाल घालताना "एक सही सोडून सगळं मिळवलंत" असा विनोद केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बिनसहीच्या कागदाची झेरॉक्स राधाकृष्णरावांच्या घरी, कपाटातल्या वरच्या कप्प्यात, भाचीच्या पत्रिकेशेजारी ठेवलेली होती.

तर धर्मसिंगने दुकानातून पाना आणला. धर्मसिंग मोटारींच्या वायंडिंगची कामं करतो, त्यामुळे कुठलंही यंत्र बंद पडलं की ते आपल्याच खात्यात येतं असं तो मानतो. त्याने इंजिनाच्या डोक्यातला प्लग काढला, उजेडात धरला, फुंकर मारली.

"गॅप हुकला साहेब. टोक पार खाली येऊन राहिलं. ठिणगी बराबर पडून न्हाई राहिली. द्या, मी दोन मिनिटांत ठोकून देतो."

"थांब की," सटवाजी बाकावरून उठला. त्याने प्लग हातात घेतला, डोळ्यापुढे फिरवला. "माह्या फवारणीच्या पंपाला असाच असते. साहेब, बांध सोडा. हा गॅप तुमी मोजून दावा. सवताच्या हातानं. पुढल्या सोमवारी मी दर्शनाला येतो. माह्यासमोर गाडी चालू झाली, तर त्या कागदावर सही करतो."

"कोणत्या कागदावर?" राधाकृष्णरावांनी उगाच विचारलं.

"तुमी कपाटात ठुला, त्या."

घरातल्या कपाटाची ही बातमी शिरडपर्यंत कशी गेली, याचा विचार राधाकृष्णरावांनी नंतर केला. त्या क्षणी त्यांनी प्लग खिशात टाकला आणि म्हणाले, "सोमवारी. दहा वाजता." मग त्यांनी गाडी ढकलत घरी नेली. चढ होता आणि गुडघे कुरकुरत होते, पण पाठीवर बाकभर माणसांची नजर होती म्हणून ते मधे कुठे थांबले नाहीत.

इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेत प्लगचं चित्र होतं आणि बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शून्य पॉइंट सहा मिलिमीटर. राधाकृष्णरावांनी नकाशे वाचायचं भिंग काढलं, व्हरांड्यात उजेडात बसले आणि प्लगचं टोक निरखू लागले. मधोमध एक बारीक दांडी. तिच्यावर बाजूने येऊन वाकलेलं दुसरं टोक. दोघांमध्ये जराशी मोकळी जागा. ती जागा म्हणजे गॅप. वीज एका टोकावरून दुसऱ्यावर उडी मारते, त्या उडीची ठिणगी होते, ठिणगीने पेट्रोल पेटतं आणि राधाकृष्णराव दूध आणायला जातात.

त्यांना यात फार म्हणजे फारच गंमत वाटू लागली. आयुष्यभर त्यांनी माती मोजली. मातीला दोन टोकं असतात, दगड रोवता येतो, वाद झाला तर पाय रोवून उभं राहता येतं. इथे मोजायचं होतं ते म्हणजे काहीच नाही. दोन टोकांमधलं काहीच नाही, तेही इतकंच, कमी नको, जास्त नको. टोकं फार जवळ आली तर ठिणगी आळशी होते, फार लांब गेली तर तिला उडी मारायचा धीर होत नाही. "म्हणजे बांधासारखंच की गं," ते आत बघून म्हणाले. "शेजाऱ्यात थोडी मोकळी जागा पाहिजे. नसली तर भांडणं, जास्त असली तर बोलचाल बंद."

त्यांच्या पत्नी नीलांबरीबाई आत शेंगा सोलत होत्या. "धर्मसिंग दोन मिनिटांत करून देत होता न्हाई का?"

"सवताच्या हाताने असं ठरलंय."

"मग करा. पण स्वयंपाकघरातला चाकू घेऊ नका."

मोजायचं कशाने, हा खरा प्रश्न होता. पट्टीवर मिलिमीटरच्या खाली काही नसतं. पातळ पोलादी पात्यांचा एक जुडगा मिळतो, ज्याच्या प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली असते. त्याला फीलर गेज म्हणतात, हे अनिरुद्धने फोनवर सांगितलं. मोबाइलवर मागवलं तर पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी येणार होतं, म्हणजे सोमवार उलटून दोन दिवसांनी. राधाकृष्णरावांनी फोन ठेवला आणि मग औंढ्यातला सल्ला घरी चालत येऊ लागला.

धर्मसिंग मंगळवारी हॅक्सॉचं पातं घेऊन आला. "हे आत घाला. फिट्ट बसलं की समजा गॅप झाला. वीस वर्षं मी असंच करून राहिलो."

"या पात्याची जाडी किती?"

"पात्याएवढी."

"नवं असताना, की झिजल्यावर?"

 धर्मसिंगने पातं उचललं आणि दुकानाकडे गेला, कारण तिथे एक मोटार त्याची वाट पाहत होती आणि मोटारी प्रश्न विचारत नाहीत.

बुधवारी शेजारच्या गंगूताई आल्या. गंगूताईंचे यजमान देवळात पूजेला असत. ते होते तोवर त्यांच्याकडे एक मोपेड होती आणि गंगूताईंना त्या मोपेडबद्दल अजून सगळं आठवतं. "आमचे हे लग्नपत्रिका घालायचे आत," त्या म्हणाल्या. "पत्रिका अल्लद सरकली पाहिजे, पण पडली न्हाई पाहिजे. पण पत्रिका भारीतली पाहिजे बरं का. हलकी पत्रिका घातली की गाडी धूर सोडायची."

हा सल्ला राधाकृष्णरावांना पटला, कारण कागद हा त्यांचा जुना परिचयाचा माल. एका पत्रिकेची जाडी मोजता येत नाही, पण दहा सारख्या पत्रिका एकावर एक ठेवल्या, पट्टीने मोजल्या आणि दहाने भागलं की एकीची जाडी मिळते. साखळी मोजायची हीच रीत. फक्त दहा सारख्या पत्रिका पाहिजेत. नीलांबरीबाईंनी आलेल्या पत्रिका एका पिशवीत जपल्या होत्या, पण त्या सगळ्या वेगवेगळ्या लग्नांच्या. मग त्यांना आठवलं की तीन वर्षांपूर्वी गुंजनच्या, म्हणजे त्यांच्याच लेकीच्या लग्नाच्या वाटून उरलेल्या पत्रिका माळ्यावर आहेत. राधाकृष्णराव स्टुलावर चढले आणि गठ्ठा खाली आणला. गंगूताई कुतूहलाने पुढे सरकल्या, आणि तिथेच घोटाळा झाला.

गठ्ठ्यातल्या चौथ्या पत्रिकेवर नीलांबरीबाईंच्या वळणदार अक्षरांत, हळदीकुंकवाच्या बोटासकट, लिहिलेलं होतं: श्रीमती गंगूताई आणि परिवार.

 गंगूताईंनी पत्रिका उचलली, उलटून पाहिली, सुलटून पाहिली.

"म्हणजे मला पत्रिकाच न्हवती," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी बिनबोलावता आले. अक्षता टाकल्या. दोन दिवस पोळ्या लाटल्या. साऱ्या कार्यात मी बिनपत्रिकेची फिरून राहिले."

"गंगूताई, तुम्ही घरच्याच, म्हणून द्यायची राहिली असेल," नीलांबरीबाईंचा चेहरा उतरला.

"घरच्यांना पत्रिका देवासमोर ठेवून मग देत असतात, नीलाबाई. राहत न्हाई ती." त्यांनी पत्रिका कमरेच्या पिशवीत घातली आणि त्या निघून गेल्या. तेव्हापासून त्यांच्या अंगणातून नेहमी येणारा 'आज काय भाजी' हा प्रश्न बंद झाला. नीलांबरीबाई आपल्या नवऱ्याकडे अशा नजरेने बघू लागल्या की राधाकृष्णरावांना प्लगचं टोक वाकडं दिसण्याऐवजी सगळंच वाकडं दिसू लागलं. इकडे दहा पत्रिकांची जाडी साडेतीन मिलिमीटर भरली, म्हणजे एकीची शून्य पॉइंट पस्तीस. भारीतली म्हणून घेतलेली पत्रिका भारीतली नव्हती. हा शोध त्यांनी नीलांबरीबाईंना सांगितला नाही.

गुरुवारी ते एका प्रशिक्षण संस्थेत गेले, जिथे मुलांना मोटारींचं काम शिकवतात. तिथले निदेशक वैजनाथसर. टेबलामागच्या कपाटाच्या काचेतून फीलर गेज राधाकृष्णरावांना स्पष्ट दिसत होतं.

"नमस्कार. मला एक गेज चार दिवसांसाठी हवं होतं."

"अर्ज आणला?" वैजनाथसरांनी चष्म्यावरून पाहिलं.

राधाकृष्णरावांनी अर्ज लिहिला. सरांनी वाचला. "प्रयोजन लिहिलेलं न्हाई." त्यांनी प्रयोजन लिहिलं: 'खासगी वाहनाच्या प्लगमधील अंतर निश्चित करणे.' "सोबत वाहनाची कागदपत्रं?" सायकलला कागदपत्रं नसतात आणि इंजिनाचं काय समजायचं हे अजून कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून तिथे थोडा वेळ गेला. मग सर म्हणाले, "ठीक आहे. ठेवून जा. क्रमाने घेऊ. तूर्त स्टोअरकीपर जनगणनेच्या कामावर आहे, कपाटाची चावी त्याच्याकडे."

'क्रमाने घेऊ.' हे शब्द राधाकृष्णरावांनी आयुष्यात इतक्या लोकांना ऐकवले होते की ते समोरून ऐकल्यावर त्यांना आपलाच आवाज आल्यासारखं वाटलं. त्यांनी सरांकडे जरा निरखून पाहिलं.

"आपण कुठे भेटलोय का?"

"व्हय," वैजनाथसर म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी. आमच्या गावच्या प्लॉटची मोजणी. आठ महिने मी तुमच्या टेबलापुढं बसत होतो. तुमी दर वेळेस चहा पाजायचे, एवढं मात्र खरं." आणि त्यांनी चहा मागवला.

चहा पिता पिता सरांनी सहज विचारलं, की एवढ्याशा प्लगसाठी एवढी धडपड काहून. राधाकृष्णरावांनी सटवाजीची सगळी हकीकत सांगितली. सर ऐकत राहिले, मग मोठ्याने हसले. "शिरडचा सटवाजी? तो तर आमच्या सासुरवाडीतबी हेच सांगत असतो." त्यांनी टेबलाचा खण उघडला, आतून कपाटाची चावी काढली आणि गेज काढून दिलं. चावी स्टोअरकीपरकडे कशी नव्हती, हे विचारण्याचं धाडस राधाकृष्णरावांनी केलं नाही. त्यांनी गेज मिळाल्याची पोच लिहून दिली आणि शून्य पॉइंट सहाचं पातं उघडून पाहिलं. ते अर्धंच होतं. कुण्या पोरांनी बाटलीचं झाकण उघडायला वापरलं होतं.

"काही हरकत न्हाई," सर म्हणाले. "पॉइंट चाळीस आणि पॉइंट वीसचं पातं जोडा. पॉइंट साठ होतात."

शनिवारभर राधाकृष्णरावांनी ती दोन पाती एकमेकांवर ठेवून तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग गेजची सगळी पाती घरातल्या प्रत्येक वस्तूच्या फटीत घालून पाहिली. कपाटाचं दार शून्य पॉइंट ऐंशी होतं. देव्हाऱ्याच्या चौकटीत चाळीसाचं पातं जातं, साठ जात नाही. नीलांबरीबाईंच्या बांगडीचा सांधा वीसचा दिसत होता, पण तो मोजू देण्याच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या. इतकं बारीक जग आपल्या घरात इतकी वर्षं राहतंय आणि आपण फक्त शेतं मोजत फिरलो, याचं त्यांना खरंच नवल वाटलं. त्यांनी कपाटातली झेरॉक्स काढून एकदा पाहिली. सहीची जागा कोरी होती आणि त्या कोऱ्या जागेवर त्यांनी त्या काळी पेन्सिलने केलेली बारीक फुली अजून दिसत होती. सही कुठे करायची हे शेतकऱ्यांना कळत नाही, म्हणून ते नेहमी फुली करून देत.

रविवारी दुपारी मोजणी झाली. मोजणी म्हणजे मोजणीच. व्हरांड्यात चटई, चटईवर पांढरा कागद, कागदावर प्लग. साक्षीदार म्हणून नीलांबरीबाईंना बसवलं. शेजारधारक म्हणून गंगूताईंना निरोप गेला, त्यांनी 'पत्रिका पाठवा' असा उलट निरोप दिला. राधाकृष्णरावांनी बाजूचं टोक पक्कडीने केसभर वर घेतलं. पाती घातली, घट्ट. पुन्हा केसभर. पाती घातली, सैल. परत खाली. सातव्या वेळी पाती अशी गेली की जाताना किंचित धरल्यासारखं वाटलं आणि बाहेर येताना सोडल्यासारखं. राधाकृष्णरावांनी श्वास सोडला. "बघ," ते म्हणाले. "नीट बघ. शून्य पॉइंट सहा." नीलांबरीबाईंनी भिंगातून बघितलं. त्यांना काही कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "बराबर आहे हो."

आता मोजणीसाहेबांची एक सवय होती. हद्द कायम झाली की तिथे खूण करायची. शेतात दगड रोवायचा आणि दगडावर पांढरा रंग. खूण नसली की उद्या कोणी म्हणेल, हद्द इथे नव्हतीच. म्हणून त्यांनी खिडकीच्या गजांना लावून उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा काढला आणि काडीच्या टोकाने, अगदी प्लगच्या टोकावर, नेमका कुठवर गॅप आहे तिथे, रंगाचा एक ठिपका दिला. श्रावणातली दमट दुपार. ठिपका चमकत होता. त्यांनी प्लग इंजिनात बसवला, हात धुतले आणि बऱ्याच दिवसांनी दुपारची झोप काढली.

सोमवारी औंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दर्शनाची रांग देवळापासून बसस्टँडपर्यंत आली होती, आणि रांगेत उभ्या माणसांना बघायला काहीतरी लागतंच. दहा वाजता राधाकृष्णराव धुतलेला सदरा घालून, खिशात घडी घातलेली झेरॉक्स आणि गेज ठेवून, गाडी घेऊन आले. सटवाजी कपाळाला अष्टगंध लावून बाकावर बसला होता. धर्मसिंग दुकानाच्या पायरीवर. रस्त्यापलीकडे गंगूताई विकायला आणलेल्या बेलाच्या टोपलीमागे बसून दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होत्या.

राधाकृष्णरावांनी क्लच दाबला, पायडल मारले. वेग आला. क्लच सोडला. गाडीने घुर्र केलं आणि मागचं चाक अडल्यासारखं झालं. पुन्हा. घुर्र. रांगेतून कोणी म्हणालं, "काका, उतारावर न्या." ते उतारावर गेले, उतारावरून आले. घुर्र. दुसरा कुणी म्हणाला, "पेट्रोल हाय का?" पेट्रोल होतं. आखाडा बाळापूरहून आलेल्या एका बाईंनी गाडीला हात लावून नमस्कार केला, कारण रांगेत पुढे काय आहे हे त्यांना दिसत नव्हतं. पाचव्या फेरीत राधाकृष्णरावांचे गुडघे बोलू लागले आणि सदरा पाठीला चिकटला. त्यांनी गाडी धर्मसिंगच्या दुकानासमोर आणली आणि ते उतरले. आपल्या हातांची त्यांना लाज वाटली. एकतीस वर्षं या हातांनी मोजलं, आणि ते सगळं बहुतेक चुकीचं मोजलं, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं.

"काढा प्लग," सटवाजी उठून म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, हे राधाकृष्णरावांच्या लक्षात आलं नाही.

धर्मसिंगने प्लग काढला. सटवाजीने तो हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि त्याच्या कपाळावरचं अष्टगंध आठ्यांत गेलं.

"हे पांढरं काय हाय?"

"खूण," राधाकृष्णराव म्हणाले. "हद्दीची खूण."

"गॅपात?"

"हद्द तिथेच आहे."

सटवाजीने प्लग डोळ्याजवळ नेला. रंगाचा ठिपका वाळायच्या आधी खाली ओघळला होता आणि दोन टोकांच्या मधल्या त्या मोजलेल्या जागेत नीट जाऊन बसला होता. "तुमचं ते पात्याचं गेज द्या," तो म्हणाला. "आन् काहीतरी पातळ द्या. पात्यानं खरवडलं तर गॅप हलेल."

पातळ काही कुणाकडे नव्हतं. तेवढ्यात बेलाच्या टोपलीमागून गंगूताई उठल्या, रस्ता ओलांडून आल्या आणि कमरेच्या पिशवीतून पत्रिका काढून सटवाजीच्या हातात दिली. "घ्या," त्या म्हणाल्या. "मला द्यायला कुणाला वेळ न्हाई भेटला, निदान गाडीला तरी भेटली." सटवाजीने पत्रिकेची कड पेट्रोलमध्ये बुडवली आणि गॅपमधून हळूहळू फिरवली. गणपतीच्या चित्राची बाजू त्याने आपल्या अंगठ्याखाली जपून धरली होती. रंग निघाला. मग त्याने चाळीस आणि वीसची पाती जोडून आत घातली. ती किंचित धरली आणि सुटली.

"बराबर हाय," तो म्हणाला. "माप बराबर हाय साहेब. खूण आडवी आली."

प्लग बसवला. राधाकृष्णरावांनी पायडल मारले, क्लच सोडला आणि गाडी अशी फटफटली की बेलाची टोपली उलटली आणि रांगेतली माणसं आपोआप बाजूला झाली. ते कोपऱ्यापर्यंत जाऊन वळून आले. टाळ्या वाजल्या. नीलांबरीबाई गंगूताईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि दोघी मिळून सांडलेला बेल गोळा करत होत्या.

सटवाजीने हात पुढे केला. "कागद काढा."

राधाकृष्णरावांनी झेरॉक्स काढली, पण दिली नाही. "एक विचारू? इतकी वर्षं वर अर्ज का नाही केला?"

सटवाजीने आजूबाजूला पाहिलं. मग तो बाकावर बसला, आणि राधाकृष्णरावांनाही बसायची खूण केली.

"कसा करनार? अर्ज केला असता तर मोजणीला परत माणसं आली असती. आन् त्यांना दगड सरकवलेला दिसला असता."

"कोणी सरकवला?"

"म्या." सटवाजी आपल्या हातांकडे बघत होता. "तुमी जो दगड रोवला, तो बराबर माह्या बैलगाडीच्या वळणात व्हता. रोज चाक घासायचं. एके दिवशी तिसऱ्यांदा चाकाचा आख मोडला, तवा म्या पहार घेतली आन् दगड दोन हात आत घेतला. माह्याच शेतात घेतला साहेब, भावाच्या न्हाई. पन लोकं म्हनाले, दगड सरकलेला दिसतो. हद्दीचा दगड हलवला म्हनलं असतं तर गुन्हा. माप चुकलं म्हनलं तर फक्त साहेब चुकले. म्हून मी म्हनलं, साहेब चुकले."

 चौदा वर्षं, निरोपसमारंभ, शाल, टाळ्या, सगळं राधाकृष्णरावांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्यांना राग आला. खरा राग, जसा तरुणपणी यायचा तसा. "वळणात होता, तर त्याच वेळी का नाही बोललात?"

"बोललो की." सटवाजीने वर पाहिलं. "मी म्हनलं, साहेब, दगड जरा इकडं घ्या, गाडी वळत न्हाई. तुमी म्हनले, हद्द जिथं येते तिथंच खूण होईल. नकाशात बैलगाडी न्हाई. म्हून म्या तवा सही न्हाई केली."

असं आपण म्हणालो होतो का, हे राधाकृष्णरावांना आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं. ते असं वाक्य कुठल्याही बांधावर, कुठल्याही उन्हात म्हणाले असते. त्यांच्या बोटावर अजून पांढऱ्या रंगाचा एक डाग होता, तो ते अंगठ्याने खरवडत राहिले. राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही.

"माप बराबर होतं, एवढं तरी खरं ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"माप बराबर व्हतं साहेब. चौदा वर्षं बराबर हाय."

राधाकृष्णरावांनी मांडीवर झेरॉक्स पसरली, खिशातलं पेन काढलं. सही कुठे करायची ते दाखवायला त्यांनी सवयीने जुन्या पेन्सिलच्या फुलीवर पेनाचं टोक टेकवलं, आणि ते तिथेच थांबले. मग पेन उचलून त्यांनी ते सटवाजीच्या हातात दिलं.

"कुठं करू साहेब?"

"तुमची गाडी वळेल तिथे करा," राधाकृष्णराव म्हणाले.